सरोजाबाईंचे हात

सरोजाबाई डोळे मिटून दात साफ करायच्या. म्हैसूरच्या एका डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या विभागात मी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि घाबरले. पेशंट खुर्चीत आडवा, तोंड उघडं, वरून दिव्याचा झोत, आणि हातात अणकुचीदार हत्यार घेतलेली ही पन्नाशीची बाई डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, डुलकी लागली. पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "थांबा डॉक्टर. सापडलाय." आणि हिरडीच्या खालून तांदळाच्या कणीएवढा काळा खडा काढून त्यांनी कापसावर ठेवला. "हा डोळ्याला दिसत नाही, बोटाला दिसतो. डोळे उघडे ठेवले की बोटं आळशी होतात."

त्या मराठीत बोलल्या, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. मी सांगलीची. नवऱ्याला इथल्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आलेली. दिवसभर न समजणारं कन्नड ऐकून संध्याकाळी डोकं ठणकायचं. अशात कुणीतरी मराठी बोलणारं भेटलं. पण ती मराठी माझी नव्हती. सरोजाबाईंचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. ते गेले, घोडे गेले, भाषा तेवढी घरात राहिली आणि कन्नडमध्ये मुरत गेली. वाक्य मराठीत निघायचं आणि मध्येच कन्नड गल्लीत शिरायचं. 'मग' म्हणायच्या जागी 'मत्ते', 'बघा' म्हणायच्या जागी 'नोडी', आणि काम संपलं की हात झटकून 'आयतु'. झालं.

त्या डेंटल हायजिनिस्ट होत्या. म्हणजे डॉक्टर नव्हेत. दातांवरचा, हिरड्यांखालचा कीट काढायचा आणि पेशंटला ब्रश करायला शिकवायचं, हे त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं त्या तेच करत होत्या. विभागात त्यांच्यासारख्या आणखी एकीची जागा होती, पण ती कितीतरी वर्षांपासून रिकामीच होती. दरवर्षी अर्ज जायचा, दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर यायचं. बंगळुरूला असलेली मुलगी सारखी म्हणायची, सोड आता ते काम. सरोजाबाई मला म्हणाल्या, "मी गेले तर खुर्ची रिकामी. खुर्ची रिकामी दिसली की पेशंट परत जातो. परत गेलेला पेशंट मत्ते दात हलायला लागल्यावरच येतो."

पेशंट त्यांना जरा वचकून असत. कुणी म्हणालं की ब्रश केला की रक्त येतं म्हणून ब्रश करायचंच सोडलं, की त्या हत्यार खाली ठेवायच्या, त्याच्या हातात आरसा द्यायच्या आणि म्हणायच्या, "रक्त सुम्ने बरल्ला." उगाच रक्त येत नाही. मग मराठीत, माझ्याकडे न बघता, "सुम्ने रक्त येत नाही, हे एवढं कळलं तरी अर्धं काम झालं." पेशंटला आरशात बघत स्वतःच्या हातानं ब्रश करायला लावायच्या. चुकला की पुन्हा. एका निवृत्त हेडमास्तरांना त्यांनी एका बैठकीत चार वेळा ब्रश करायला लावला होता. हेडमास्तर रागावून गेले आणि महिन्यानं बायकोला घेऊन आले.

दुपारी पाऊण वाजता त्या मागच्या खोलीत स्टीलच्या भांड्यात गरम पाणी घ्यायच्या आणि मनगटापर्यंत दोन्ही हात बुडवून बसायच्या. उजव्या हाताची तीन बोटं बधीर व्हायची. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. जेवणाच्या डब्याचं झाकण त्यांना उघडत नसे. सुरुवातीला त्या ते लपवायच्या. डबा पोटाशी धरून डाव्या हातानं झगडायच्या. नंतर नंतर न बोलता माझ्यासमोर सरकवायच्या. मी उघडायची.

त्यात इम्प्लांटचे पेशंट वाढायला लागले. इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, आणि त्यावर नवा दात. लोकांना वाटतं, धातूचा दात, त्याला काय होणार? पण त्याच्याभोवतीची हिरडी खऱ्या दातापेक्षा हळवी असते. कीट साचला की ती सुजते, पू होतो, आणि मुकाट्यानं आतलं हाड झिजत जातं. दुखतही नाही फारसं. एक दिवस सगळा स्क्रूच हलायला लागतो. अशा पेशंटना साफ करताना स्टीलचं हत्यार चालत नाही, धातूवर ओरखडे पडतात. प्लास्टिकच्या टोकाचं घ्यावं लागतं. ते वाकतं, निसटतं, म्हणून घट्ट दाबून धरावं लागतं. सरोजाबाईंचा हात इम्प्लांटनी जास्त बिघडवला, असं मला डॉक्टर म्हणून आजही वाटतं.

औषधांचं म्हणाल तर मी थकले होते. अँटिबायोटिक दिलं की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. अशात मी प्रोबायोटिक गोळ्यांबद्दल वाचायला लागले. दह्यात असतात तसले चांगले जंतू गोळीत घातलेले. रात्री ब्रश करून गोळी चघळायची. चांगले जंतू हिरडीपाशी जागा धरतील आणि वाईट जंतूंना हुसकावतील, अशी कल्पना. कुणी म्हणत होतं फायदा होतो, कुणी म्हणत होतं काही फरक नाही. मी ठरवलं, आपल्याच विभागात छोटं काम करून बघू. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली, हे ना पेशंटला माहीत, ना मला, ना सरोजाबाईंना. यादी पाकिटात बंद करून औषधविभागातल्या एका सहकाऱ्याकडे. सुरुवातीला सगळ्यांना एकदा नीट साफ करायचं, मग सहा महिने फक्त गोळी आणि दर महिन्याला माझी तपासणी.

हे मी सरोजाबाईंना समजावलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला.

"गोळी चघळली की झालं? खरडायचं नाही?"

"सुरुवातीला खरडायचं. गोळी चालली तर पुढे कमी खरडावं लागेल."

"किती कमी?"

"तेच तर बघायचंय."

त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरला आणि त्याच्याकडे बघितलं, आजारी मुलाकडे बघावं तसं. "मत्ते लवकर सुरू करा की, डॉक्टर. कशाला थांबता?"

गोळ्यांचे डबे विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवले. सरोजाबाई तिथेच आपला दहीभाताचा डबा ठेवायच्या. "नोडी," त्या म्हणायच्या, "ह्या डब्यातपण जंतू, त्या डब्यातपण जंतू. माझे आजीनं शिकवलेले, तुमचे कंपनीनं." पण चेष्टा करता करता गोळ्यांचे डबे त्या रोज मोजून, सरळ रांगेत लावायच्या. इतकी आशा मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिली नव्हती. दर महिन्याला पेशंट येत. मी हिरडीच्या फटीत बारीक काडी घालून तिची खोली मोजायची, रक्त येतं का बघायची आणि मोठ्यानं सांगायची. त्या शेजारी बसून लिहून घ्यायच्या. 'रक्त नाही' म्हटलं की पेन झरझर चालायचं. 'रक्त' म्हटलं की थांबायचं.

या पेशंटमध्ये मंजुनाथ नावाचा एक होता. कडकोळच्या कारखान्यात मशीनवर काम करायचा. मोटारसायकलवरून पडून खालचे दोन दात गेले होते, तिथे इम्प्लांट होते. तिशीतला, अबोल, कायम शिफ्ट करून आलेला, खुर्चीत बसल्या बसल्या झोपणारा. त्याच्या हिरडीतून पहिल्या दिवशी पू येत होता. तिसऱ्या महिन्यात बघते तर हिरडी गुलाबी, घट्ट. मी खूश झाले. म्हटलं, गोळी लागू पडलेली दिसते. त्यानं मान हलवली आणि कन्नडात सांगितलं की गोळी तर तो घेतोच, पण शनिवारी अम्मा साफ करून देतात ना, त्यानं बरं वाटतं.

मी सरोजाबाईंकडे बघितलं. त्या कागदाकडे बघत होत्या.

पेशंट गेल्यावर मी दार लावलं. "शनिवारी पेशंट येतात?"

"येतात."

"कोण?"

"ज्यांना रक्त येतं ते. दुपारी सगळे गेल्यावर बोलावते. फोन करून ब्रशचं पण विचारते."

"मध्ये कुणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना? आता हे लोक बरे झाले तर कशानं बरे झाले, कसं कळणार मला?"

"बरे झाले तर बरे झाले की."

"सरोजाबाई, मग गोळीचं काय कळणार?"

त्या उभ्या होत्या, त्या बसल्या. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही मोठ्यानं सांगता, मी लिहिते. रक्त. रक्त. पू. लिहिलं आणि घरी पाठवलं. दोनदा केलं मी तसं. मला नाही जमत."

"पण गोळी चालावी असं तुम्हालाच सगळ्यात जास्त वाटत होतं."

"अजून वाटतं." त्यांनी हात मांडीवर उलटा ठेवला. बोटं थोडी वाकडीच राहिली. "अजून वाटतं. मत्ते त्यासाठी त्याचं हाड जाऊ द्यायचं?"

आता सांगते ते मला फार बोचतं. मी विभागप्रमुखांकडे गेले, झालेला प्रकार सांगितला आणि आम्ही दोघांनी तोडगा काढला. काम वाया जाऊ नये, दोन्ही गटांना वागणूक सारखी मिळावी, म्हणून यापुढे दर महिन्याला सगळ्याच पेशंटना साफ करायचं. आणि एकाच हातानं, म्हणजे फरक राहणार नाही. एकाच हातानं! तो हात कुणाचा, हे त्या खोलीत आम्ही दोघांनीही उच्चारलं नाही. कागदावर ते अगदी बरोबर दिसत होतं. सरोजाबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांना? सरी." म्हणजे बरं. मागच्या खोलीतलं गरम पाणी मग दिवसातून दोनदा व्हायला लागलं.

सहा महिने संपले. दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता, गावात पाहुण्यांची गर्दी, ओपीडी रिकामी. पाकीट उघडलं, आकडे मांडले. मी आणि औषधविभागातला सहकारी दोघांनी पुन्हा पुन्हा तपासले. दोन्ही गटांतले पेशंट बरे झाले होते. खरी गोळी घेणारेही, साधी गोळी घेणारेही. रक्त येणं कमी, पू कमी, सूज कमी. आणि दोघांत सांगण्यासारखा फरक काही नव्हता. गोळी निरुपयोगी आहे, असं यावरून म्हणता येत नव्हतं. एवढंच म्हणता येत होतं की इतकं मन लावून कुणी हिरडी साफ करत असेल, पेशंटला फोन करून ब्रशचं विचारत असेल, तर त्यावर गोळीनं आणखी काही भर घातलेली आम्हाला दिसली नाही.

मला वाटलं, ही सरोजाबाईंसाठी केवढी आनंदाची बातमी! अठ्ठावीस वर्षं ज्या कामाकडे कुणी वळून बघितलं नाही, त्यानंच पेशंट बरे केले होते. मी जवळजवळ धावतच गेले. त्या हत्यारं पुसत होत्या.

"सरोजाबाई, निकाल लागला. गोळीवाले आणि बिनगोळीवाले, सगळे सारखेच बरे झाले!"

"हौदा? खरंच?" त्या वळल्या. "सारखेच?"

"सारखेच."

"मंजुनाथला कुठली होती?"

"साधी. नुसती साखर म्हणा ना."

त्या हसल्या. "अय्यो. तो सांगत होता, अम्मा, गोळी घेतली की तोंडात गार वाटतं, ताकद आल्यासारखं." मग हसू हळूहळू उतरलं. त्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत बसलेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं. "म्हणजे गोळी नाही चालली."

"तुमचे हात चालले! तेच सांगतेय मी. तुमच्या हातांनी बरे झाले सगळे."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याची चाकं वाजत गेली. मग अगदी सावकाश, हिशेब चुकला नाही ना हे बघावं तशा त्या म्हणाल्या, "मत्ते, मलाच करायचं अजून."

मी त्यांच्यासाठी हार घेऊन गेले होते आणि गेल्यावर कळलं, आपण शिक्षा सांगायला आलोय. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आता दुसऱ्या हायजिनिस्टची जागा नक्की भरतील, हा निकालच दाखवू. त्या म्हणाल्या, "दाखवा." आणि उठून उरलेली हत्यारं पुसायला लागल्या.

आम्ही निकाल जसा होता तसा लिहिला, शनिवारचीही गोष्ट लिहिली. माझी इच्छा होती की लेखकांत सरोजाबाईंचं नाव असावं. विभागप्रमुख म्हणाले, तशी पद्धत नाही, शेवटी आभार मानू. मी एकदा वाद घातला, दुसऱ्यांदा नाही घातला. त्या वर्षी मला कुणाशीच वाद घालायचं त्राण नव्हतं, हे कारण मी स्वतःला दिलं होतं. आभारात त्यांचं नाव छापून आलं, तेही 'सरोजा भाई' असं. मी खजील होऊन त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "नोडी, मला भाऊ करून टाकला," म्हणाल्या. मग तो कागद घडी करून पिशवीत ठेवला.

जागा भरली नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका बाईंच्या तोंडात सरोजाबाईंच्या हातून हत्यार निसटलं. हिरडीला जरासं लागलं, मोठं काही नव्हतं, टाकाही पडला नाही. त्या बाई तर 'असू दे' म्हणत होत्या. सरोजाबाईंनी त्यांची पुन्हा पुन्हा माफी मागितली, जागा दाबून धरली, रक्त थांबेपर्यंत थांबल्या, त्यांना रिक्षापर्यंत सोडून आल्या. मग माझ्या टेबलाशी येऊन डाव्या हातानं, कन्नडमध्ये, दोन ओळींचा राजीनामा लिहिला. मी म्हटलं, विचार करा. त्या म्हणाल्या, "बोटाला दिसत नाही आता, डॉक्टर. आंधळ्या हातानं कुणाच्या तोंडात जाऊ?"

निरोपाला विभागानं शाल दिली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. साफ करायला कुणी नव्हतं, म्हणून विद्यार्थ्यांना सांगायचं आणि मग त्यांनी सोडलेलं आपण करायचं. मंजुनाथनं यायचं बंद केलं. फोन केला तर म्हणाला, अम्मा असताना येत होतो. जवळजवळ वर्षानं आला तेव्हा एक इम्प्लांट हलत होता. तो मी काढला. त्यानं तो कागदात बांधून मागितला आणि खिशात घालून शिफ्टला गेला. दुसरा वाचवायचा असेल तर दर महिन्याला साफ करायलाच हवा होता. ते काम मी करायला घेतलं. मंजुनाथसारखे आणखीही पेशंट घेतले. वय वाढत होतं, शिकवण्याचा भार होताच, आणि संध्याकाळी गाडीचं हँडल धरताना माझी बोटं आखडायला लागली.

एका रविवारी मी सरोजाबाईंना भेटायला म्हैसूरमधल्याच इट्टिगेगूडला त्यांच्या घरी गेले. त्या पुढच्या महिन्यात मुलीकडे बंगळुरूला कायमच्या जाणार होत्या. मनगटाचं ऑपरेशन झालं होतं, पण फार उपयोग झालेला नव्हता. कॉफी त्यांनी डाव्या हातानं दिली. मंजुनाथचं मी सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्या जागी कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मत्ते कोण करतं?"

"मीच करते."

"हात दुखतात?"

"दुखतात."

मला वाटलं, त्या आता माझी कीव करतील, किंवा सोडा म्हणतील. त्या उठल्या, मुलीच्या मुलाचं पेन्सिलचं डबडं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "दुखतात म्हणजे चुकीचं धरताय. मीपण एवढी वर्षं चुकीचंच धरलं. कुणी सांगायला नव्हतं." पेन्सिल माझ्या हातात देऊन त्यांनी डाव्या हातानं माझं एकेक बोट सुटं केलं आणि पुन्हा बसवलं. अंगठा इथे नाही, इथे. दाब बोटात घ्यायचा नाही, कोपरातून येऊ द्यायचा. खांदा खाली. श्वास सोडा. त्यांची उजवी बोटं मांडीवर तशीच पडून होती. मध्येमध्ये, माझं चुकलं की, त्यातलं एखादं आपोआप हलायचं. तासभर त्यांनी मला तशीच बसवून ठेवली. कॉफी गार झाली. शेवटी एकदा माझी बोटं त्यांच्या मनासारखी पडली तेव्हा त्यांनी माझं मनगट हातात घेऊन हलवून बघितलं.

"आयतु," त्या म्हणाल्या. "आता जा. पेशंट थांबले असतील."

त्या दिवशी रविवार होता. मी त्यांना तसं सांगितलं नाही. चपला घातल्या आणि घाईत असल्यासारखी निघाले.